बाळंतिणीच्या खोलीतल्या बाटल्या

तात्या, म्हणजे माझे वडील, नगरच्या कॅम्पात साहेबलोकांच्या मेसमध्ये भांडी घासायला म्हणून लागले आणि सुटले तेव्हा मुख्य खानसाम्याच्या खालोखाल त्यांचा मान होता. तिसगावला कायमचे परत आले ते दोन वस्तू घेऊन. एक, बाटलीला पत्र्याचं बूच दाबून बसवायचं दांड्याचं यंत्र. दुसरी, चिनी मातीच्या बरणीत पाळलेलं खमीर. पाळलेलं असंच म्हणायचं, कारण तात्या त्याला रोज सकाळी आल्याचा कीस आणि साखर चारायचे, आणि घरातली कोंबडी उपाशी राहिली तरी चालेल, पण बरणी राहता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. म्हाताऱ्या खानसाम्याकडून ते जिंजर बिअर करायला शिकले होते. बिअर हे नावापुरतं. लहान पोरांनी प्यायली तर फार तर ढेकर यायची. गावात तिला नुसतं ‘तात्याची जिंजर’ म्हणत. तरी सुरुवातीला कुणीतरी कागाळी केलीच, की हा घरात दारू गाळतो. पोलीस पाटील चौकशीला आले, ओट्यावर बसून दोन बाटल्या प्याले, मोठ्यानं ढेकर दिली आणि म्हणाले, “ही दारू न्हाई. हे पोटाचं औषध हाय.” त्यानंतर लग्नसराईत आमच्या ओट्यावर गिऱ्हाईक कमी पडलं नाही.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं, पुढं ओटा, मधे स्वयंपाकाची जागा आणि मागं एक लांबट अंधारी खोली. उन्हाळ्यात सगळ्या घराला आल्याचा वास यायचा. भाकरीला यायचा, गोधडीला यायचा, माझ्या कॉलेजच्या वह्यांनाही यायचा. आलं पाट्यावर ठेचलं जायचं, गुळासंगं मोठ्या पातेल्यात उकळायचं, निवलं की लिंबू पिळून बाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं. बाई म्हणजे माझी आई. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. मग खमीर घालून ते पिंप झाकून ठेवायचं. फेस चढला की भरायचं काम. बाटल्या भंगारवाल्याकडच्या, बिअरच्याच, तपकिरी, जाड काचेच्या. तात्या नरसाळ्यातून ओतायचे, मान रिकामी सोडायचे, प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर आणि एक बेदाणा टाकायचे आणि दांडा दाबायचे. कट्ट. तो आवाज मला अजून ऐकू येतो. साखर कशाला, तर बंद बाटलीतलं खमीर ती खाऊन गॅस करतं आणि त्या गॅसला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो पाण्यात मुरतो. हे मला कॉलेजात कळलं. तात्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं; त्यांचा सगळा भरवसा त्या बेदाण्यावर होता. बेदाणा तळाशी आहे तोवर बाटली कच्ची. तो फुगून वर आला की बाटली पिकली, आता ती गार ओल्या वाळूत नेऊन पुरायची, नाहीतर ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तात्या रोज सकाळी एकेक बाटली उचलून दारातल्या उजेडात धरायचे आणि एक डोळा मिटून आत बघायचे.

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लाज कशाची? तेव्हा मी नगरला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेतलेलं, आणि सुट्टीला घरी आलेली. सोनईला दिलेली माझी थोरली बहीण शकी, म्हणजे आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला अजून अवकाश होता. तात्यांनी लग्नाच्या एका मोठ्या मागणीच्या बाटल्या भरून मागच्या खोलीत लावल्या, दाराच्या दोन्ही अंगांना, भिंतीलगत फळ्यांवर, एकीला एक खेटून. दारातून आत जायचं तर त्या दोन रांगांमधल्या बोळातून जावं लागे. आक्काचं बाळंतपण यायच्या आत बाटल्या पिकून वाळूत गेलेल्या असतील, असा त्यांचा हिशेब. पण आक्काला आधीच कळा आल्या. बाटल्यांना आणि बाळंतिणीला आमच्याकडं एकच खोली लागते, अंधारी आणि बिनवाऱ्याची. दुसरी खोली होती कुठं? खोलीच्या पार टोकाला बाज टाकली आणि तिथंच आक्का बाळंत झाली. मुलगा झाला. लहानसा, लालबुंद, रडायला लागला की आवाज मात्र घरभर.

शेजारच्या रखमाकाकूंनी बाळंतपण केलं. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं त्यांचा शब्द म्हणजे कायदा. बारसं होईपर्यंत सोयर, पुरुषमाणसानं खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, बाळाचं तोंडही बघायचं नाही. म्हणजे तात्यांना नातूही बंद आणि बाटल्याही बंद. तात्या दाराबाहेर उभे राहून म्हणाले, “रखमाबाई, तेवढ्या बाटल्या भाईर काढून द्या. बायामान्सांनीच काढा, मी न्हाई येत.”

“आन् बाळंतिनीच्या खोलीत खळ्ळ-खळ्ळ करू व्हय? दार उघडं ठिवून? वारं लागलं लेकराला म्हंजी? राहूंद्यात बाटल्या. बारशाला काय लई दिस हायत का?”

“अवो, ती जिती वस्त हाय. पिकली म्हंजी थांबत न्हाई.”

“माझं लेकरूबी जितंच हाय,” काकू म्हणाल्या आणि विषय संपला. तात्यांनी मग बाईला सांगितलं, बेदाणा वर आला का तेवढा बघ. बाई म्हणाली, “मला काय कळतंय तुमच्या बेदाण्यातलं?” मग मला सांगितलं. मी कंदील धरून पाहिलं. तपकिरी काच, धुराची खोली, कंदिलाची काजळी. मला बाटलीत माझंच तोंड दिसलं. “दिसत नाही काही,” मी बाहेर येऊन सांगितलं. तात्या नुसते “हं” म्हणाले.

पाचवी झाली आणि बाळंतिणीचा शेक सुरू झाला. आता डॉक्टर असल्या गोष्टींना नको म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे, पण तेव्हा शेगडी म्हणजे माया होती. सकाळी तेल लावून अंग रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायची, वर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकून धुरी द्यायची. बाजेच्या सुंभातून ऊब वर यायची. खिडकीला गोणपाट, दार लोटलेलं, बाहेर वैशाखाचं ऊन आणि डोक्यावर पत्रा. आक्का घामानं निथळायची आणि अळिवाची खीर प्यायची. बाजरीच्या गरम भाकरीवर तूप, संगं लसूणखोबऱ्याची चटणी. आल्याच्या वासावर आता शेपाओव्याचा वास बसला होता. खोलीतलं दुसरं कुणी त्या उबेवर पोसत होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्यांच्या आलं असतं त्यांना आत जायची बंदी होती.

जेवणं झाल्यावरची दुपार. बाई भांडी घासत होती, तात्या ओट्यावर लवंडले होते, मी खाली बसून वाचत होते. आतून आवाज आला. फाट्! आणि काच पत्र्यावर आपटल्याचा खळखळाट. तात्या झोपेतून सरळ उभेच राहिले. “पिकली,” ते म्हणाले. एवढंच. दुसरी फुटली, आणि तिच्या शेजारची तिसरी लगेच. बाईनं दार ढकललं तर उंबऱ्याशी काचाच काचा, जमिनीवर फेसाचा ओहोळ, आणि उघड्या दारातून एक काच तिच्या कानाला चाटून चुलीपाशी पडली. तात्यांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. आत आक्का ओरडत होती, “बाई! ए बाई! काय हुतंय?” बाळानं सूर लावला होता.

“शके, लेकराला भिंतीकडं घी!” तात्या ओरडले. “तू आडवी हो! पाठ आमच्याकडं कर!”

बाईनं दोन गोधड्या उचलून दारातून बाटल्यांवर भिरकावल्या. एक नीट पडली, दुसरीनं रांगेला धक्का दिला आणि दोन बाटल्या एकदम फुटल्या. “टाकू नगं!” तात्या म्हणाले. “धक्का लागला की फुटत्यात. हात लावला तरी फुटत्यात.” मग आम्ही तिघंही नुसती उभी राहिलो. घरातली माणसं घरात आग लागली तर पाणी टाकतात, साप निघाला तर काठी घेतात. इथं करायला काही नव्हतंच. जिच्यापाशी जायचं ती समोर दिसत होती, आणि मधे दोन्ही बाजूंना उभ्या बाटल्या. कुठली केव्हा फुटेल याला काही नेम नव्हता.

मी घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी पळाले. ती बाजेच्या वरच होती. गोणपाट ओढून काढलं. गजांतून आक्काची पाठ दिसली, लुगडं घामानं चिकटलेलं, तिनं बाळाला पोटाशी घेऊन अंगाचं मुटकुळं केलं होतं. मी हात घातला तर तिच्या डोक्यापर्यंत पोचला.

“कमे, ह्याला घी भाईर,” आक्का म्हणाली.

मी गजांकडं बघितलं. माझा हात दंडापर्यंत जात होता. बाळ जाणार नव्हतं. तरी आक्कानं त्याला उचलून गजांना लावून पाहिलं आणि त्याचं डोकं बघून पुन्हा खाली घेतलं. त्या वेळचं तिचं तोंड मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगता येत नाही.

तिच्या बाजेखाली शेगडी अजून लालच होती. ती आधी विझायला हवी, हे मला सुचलं. मी पळत जाऊन तांब्या भरून आणला. तो गजांतून जाईना, मग वाटीनं पाणी दिलं, आक्कानं वाटी-वाटी घेऊन बाजेखाली ओतलं. भस्सकन वाफ आणि राख वर आली, बाळ ठसकलं, आणि दारातून रखमाकाकूंचा आवाज आला. आवाज ऐकून त्या धावत आल्या होत्या. “गार पानी? बाळंतिनीच्या खोलीत गार पानी?” बाई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली, “गप बसा वो काकू!”

शेगडी विझली. पण भिंती तापलेल्या, पत्रा तापलेला, आणि मी उघडलेल्या खिडकीतून वैशाखाची झळ आत. मी पुन्हा दाराशी आले आणि तात्यांना सांगितलं की गॅस थंड पाण्यात मुरतो, गरम पाण्यातून सुटतो, म्हणून खोली निवल्याशिवाय हे थांबणार नाही, आणि खोली उन्हं कलल्याशिवाय निवणार नाही. सगळं बरोबर सांगितलं. परीक्षेत ह्याला पूर्ण गुण मिळाले असते. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. टोचून नाही, खरंच विचारलं, “मग काय करायचं, पोरी?”

नंतर पुष्कळ शिकले, नोकरी केली, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही.

आत आणखी एक फुटली. आक्का ओरडली नाही या वेळी, आणि ते जास्त वाईट होतं. बाळाचंही रडणं एकाएकी थांबलं. बाईनं तोंडावर पदर धरला. मी खिडकीशी कशी पोचले आठवत नाही. आक्का म्हणाली, “पितंय गं. पितंय ते.” इतक्या गदारोळात त्या लेकराला भूक लागली होती.

तेव्हा तात्यांनी घरातली सगळ्यात जड वाकळ पाण्यात भिजवली. चार लुगडी एकावर एक शिवलेली, कोरडीच उचलवत नसे. ती पाठीवरून घेतली, दोन्ही टोकं मुठीत धरली आणि उंबऱ्याशी थांबले. रखमाकाकू बाजूलाच होत्या. त्या दोन पावलं मागं सरकल्या. “कुनी माझ्यामागं यायचं न्हाई,” तात्या म्हणाले आणि दोन रांगांमधून अनवाणी, काचांवरून, हळूहळू पावलं टाकत गेले. पळत गेले नाहीत, कारण जमीन हादरली असती. बाजेपाशी पोचून त्यांनी बाटल्यांकडं पाठ केली आणि दोन्ही हात वर, बाजूला पसरले. लग्नात अंतरपाट धरतात तशी वाकळ, पण तिच्यामागं स्वतः. त्यांना सगळी खोली झाकता येत नव्हती. आक्काला घेऊन त्याच बोळातून परत यायची छाती होत नव्हती. त्यांना फक्त मधे उभं राहता येत होतं.

मी खिडकीतून सगळं बघत होते. मी एका बाजूला गज धरून, तात्या दुसऱ्या बाजूला वाकळ धरून, मधे आक्का आणि बाळ. एखादी बाटली फुटायची आणि वाकळीवर काच आपटल्याचा ओला आवाज यायचा. दर वेळी तात्यांचे डोळे मिटायचे आणि उघडायचे. हात थरथरायला लागले तेव्हा मी म्हटलं, “तात्या, जरा खाली घ्या हात.” ते म्हणाले, “घेतले तर परत वर न्हाई जायचे.” आक्का पाठमोरी होती. तिनं मान वळवून विचारलं, “तात्या, लागलं का वो?”

“काय लागतंय? भिजल्या वाकळीचा गारवा हाय. तुला शेक, मला गारवा.”

आक्का हसली. मग रडली. मग बाळ पिऊन झालं म्हणून तिनं त्याला खांद्याशी धरलं, आणि ते तिच्या खांद्यावरून समोर टकामका बघायला लागलं. पाच-सहा दिवसांच्या पोराला काय दिसतं म्हणा. पण तात्यांना दिसत होतं. त्यांना दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

त्या बाळाची मुलगी आता पुण्यात असते. मध्यंतरी केडगावला माझ्याकडं आली तेव्हा तिनं मोबाईलवर दाखवलं, घरीच आल्याचं असलं पेय करते म्हणे, छान तारेच्या झाकणांच्या बाटल्या आहेत. “रोज झाकण उघडून थोडी हवा सोडायची, आजी, म्हणजे धोका नाही.” मी म्हटलं, “पत्र्याच्या बुचाला ती सोय नसते, बाई.” तिला वाटलं मी जुन्या वस्तूंबद्दल बोलते आहे.

त्या दिवशी उन्हं उतरली. वाऱ्याला गारवा आला आणि माझ्या खिडकीतून आत जायला लागला. बराच वेळ काही फुटलं नव्हतं. न फुटलेल्या बाटल्या तशाच उभ्या होत्या, आणि आवाज नाही म्हणून त्यांची भीती कमी होत नव्हती. शेवटी तात्या म्हणाले, “कमे, दारातनं ये. हळू ये. लेकराला घी.” मी चपला घालून गेले. त्या बोळातून जाताना मी श्वास घेतला नाही. बाळाला पदराखाली घेऊन आले ते सरळ ओट्यावर. मग बाईनं आणि रखमाकाकूंनी आक्काला उचलून आणलं. तिच्या पोटरीला एक काच लागली होती, बाकी काही नाही. तात्या सगळ्यांच्या मागून आले. वाकळीला काचा जागोजाग रुतलेल्या, तळपाय चिरलेले, मानेमागून रक्त. आणि हात तसेच पसरलेले. बाहेर आले तरी हात खाली येईनात. ओट्यावर ते तसेच उभे राहिले, शेतातल्या बुजगावण्यासारखे.

रखमाकाकूंना आता कंठ फुटला. “सोयर मोडलं. आदी आंगूळ घाला त्येंना.”

“घालते,” बाई म्हणाली. “आदी हात खाली येऊंद्या.” तिनं वाकळ काढली, एकेक मूठ उघडली आणि तेल लावत लावत एकेक हात खाली उतरवला. बाळंतिणीचं तेल होतं ते.

राहिलेल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात तात्यांनी आणि बाईनं ओल्या पोत्यांत गुंडाळून मागच्या ओढ्यात नेल्या. लग्नवाल्यांनी दुसरीकडून सरबत आणलं. खमिराच्या बरणीला त्यानंतर कुणी साखर घातली नाही. ती ओट्याच्या कोपऱ्यात होती, नंतर नव्हती. दांड्याचं यंत्र आमच्या माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होतं. खोलीच्या भिंतींवर फुगलेले बेदाणे चिकटून बसले होते, ते बाई पुढं कितीतरी दिवस सारवताना नखानं काढत होती.

बारशाच्या दिवशी रीतीप्रमाणं घरातल्या पुरुषांना बाळ दाखवायचं होतं. अंगडं-टोपडं घातलेलं पोर रखमाकाकूंनी ओट्यावर आणलं. झालं गेलं त्यांनी मनात धरलं नव्हतं, पण रीत त्या सोडणाऱ्या नव्हत्या. “घ्या आजोबा,” त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, “बघा नातवाचं तोंड.”

तात्यांचे हात अजून खांद्याच्या वर जात नव्हते. त्यांनी मांडी घातली, बाईनं बाळ मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ओट्याखालच्या रस्त्याकडं बघत राहिले.

“बघितलंय,” ते म्हणाले. “सगळी दुपार दुसरं काय केलं मी?”